कपामागं पन्नास पैसे

पाठीवरचं शेवटचं खोकं उतरवून हमाल उकंडराव हमालीसाठी काउंटरपाशी थांबले. रिसोडच्या त्या कपबश्यांच्या दुकानात मालकीण तहसीन कॉम्प्युटरवर खरेदीचं बिल चढवत होती. जीएसटी वेगळ्या रकान्यात गेला, पण हमालीचे सहाशे टाकताच पडद्यावर कपाची किंमत वाढली. "माह्यामुळं माल महाग झाला काय, बेटा?" उकंडराव दचकले. "नाही काका. तुमची हमाली बाराशे कपांत वाटल्या गेली. हरेक कपात तुमचे पन्नास पैसे हायेत." तीस वर्षं खोकी वाहूनही आतला कप त्यांनी कधी हातात घेतला नव्हता. आज एक घेतला, उजेडात धरला आणि पाहतच राहिले. तेवढ्यात केनवडच्या एका बाईंनी सहा कप मागितले. तहसीननं काउंटरवर मोजून ठेवलेली हमाली तशीच राहू देऊन उकंडरावांनी प्रत्येक कप आपल्या हातानं कागदात गुंडाळला. "सांभाळून नेजा बाई," ते म्हणाले, "माही पाठ हाये याच्यात."