आपल्या देशाचा रंग

आपलाच देश करड्या रंगात रंगवलेला बघून काकांच्या मनात पहिलं आलं ते हे, की पोरगी सापडली एकदाची.

शाळांच्या भिंतीवर लावायचा नकाशाचा तक्ता होता तो, जगातल्या राज्यपद्धतींचा. राजेशाही पिवळी, लोकशाही हिरवी, हुकूमशाही करडी. दर पाच वर्षांनी निघायचा आणि गेली बावीस वर्षं काकाच तो रंगवत होते. आपला देश अर्थातच हिरवा. या खेपेला कचेरीतल्या साहेबांनी काम दिलं नव्या मुलीला. खिडकीजवळचं टेबलही तिलाच. वर काकांनाच ऐकवलं, "हात काय सफाईचा आहे हो तिचा." कानामागून आली आणि तिखट झाली. काकांचा नुसता जळफळाट चालला होता. घरी बायकोपुढे रोज हेच रडगाणं. तिच्या रेषा आपल्यापेक्षा सरळ येतात, एवढं मात्र ते सांगायचे नाहीत.

आणि तिला शिकवलं कुणी? काकांनीच. पहिल्या दिवशी ती व्याख्यांचं जाडजूड पुस्तक उघडून बसली होती. "मिटून ठेव ते, पोरी," काका म्हणाले होते. "सोपी कसोटी सांगतो. सरकारला नावं ठेवणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आला, की देश हिरवा. नाही आला, की करडा." तिनं हसत हसत ते वहीत उतरवून घेतलं होतं.

काकांनी आता तक्त्यावर बोट ठेवलं. "हे चुकून झालं का गं?"

"नाही काका. तुमचीच कसोटी लावली." ती ब्रश धूत होती. "तुम्हीही लावून बघा ना एकदा. छपाईला जायच्या आधी बोलू आपण."

काका बोलले, पण तिच्याशी नाही. ती चहाला गेल्यावर तक्ता उचलून ते थेट साहेबांच्या खोलीत गेले. "मी आपलं लक्षात आणून दिलं," म्हणाले. साहेबांनी तक्ता बघितला, दार लावून घेतलं आणि फोन उचलला. त्या दिवशी काका घरी दोन घास जास्तच जेवले.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती.

"आजपासून तुम्ही इथे बसा," साहेब म्हणाले. "तेवढा एक रंग बदला आणि द्या छपाईला."

काका बसले. उजेड छान येत होता. त्यांनी हिरवी बाटली उघडली, ब्रश भिजवला. शिपायानं पाण्याचा पेला ठेवला आणि खाली वाकून पुटपुटला, "तिला काल घरून उचलून नेलं म्हणे. आई रडतेय दारात."

काकांनी पेला बाजूला सारला. मेल्या, हे तू केलंस, ते स्वतःलाच म्हणाले. मग दर थोड्या वेळानं ते दाराकडे बघत राहिले. साडेदहा झाले, अकरा झाले. ती कधी पाच मिनिटंही उशिरा यायची नाही.

बारा वाजता साहेब आले. देश अजून करडाच होता.

"काय हो काका, एका रंगाला इतका वेळ? कसली वाट बघताय?"

काकांनी ब्रश खाली ठेवला.

"ती कामावर येऊ दे, साहेब," ते म्हणाले. "मग लावतो हिरवा."