स्पॉयलरचे दोन तुकडे

लेकाने गाडीच्या डिकीवर फायबरचा स्पॉयलर, म्हणजे शोभेचा पंखा, नीट बसवून पाहिला, नटांसाठी भोकं पाडली आणि मग तो सोडवून अंगणात पॉलिश पेपरने घासायला बसला. घासल्याशिवाय रंग धरत नाही; धूळ उडू नये म्हणून आई शेजारी उभी राहून मगाने पाणी सोडत होती. "पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल रे, फायबरचा भुसा अंगाला लागला की खाजवून हैराण होशील," असं तिचं चाललं होतं.

तेवढ्यात बाप बाहेर आला. ते पांढरट पाणी ओघळत नेमकं त्याच्या बुटांपर्यंत गेलं होतं. लेकाला तो एका शब्दाने बोलला नाही. नेहमीसारखे त्याने आईचे केस धरले आणि तिचं डोकं गाडीच्या दारावर आपटलं.

"घराचा उकिरडा करून ठेवलाय!"

दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा तिचा ओठ फाटला.

लहानपणी अशा वेळी लेक पलंगाखाली शिरायचा. आज त्याने हातातला स्पॉयलर उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून बापाच्या पाठीत घातला. पुढचा फटका कानशिलावर बसला. स्पॉयलरचे दोन तुकडे झाले आणि बाप रक्तबंबाळ होऊन चिखलात कोसळला.

"संपलं, आई," लेक धापा टाकत म्हणाला. "आता तुला कुणाला घाबरायचं कारण नाही."



आईने ओठावरचं रक्त मनगटाने पुसलं आणि लेकाच्या कानाखाली आवाज काढला, "माझ्या नवऱ्यावर हात उचलतोस?"