वाचनालयाच्या भिंतीवरचा फोटो

रत्नप्रभाबाईंनी फोटो खिळ्यावरून उतरवला आणि पदराखाली धरला. काचेची कड हाताला रुतली, तरी त्यांनी पकड सैल केली नाही. वाचनालयात त्या वेळी कोणी नव्हतं. चिटणीस अण्णा जेवायला घरी गेले होते. संध्याकाळी प्रदर्शन उघडणार होतं, आणि ते बघायला प्रेमाचे आईवडील यायचे होते. प्रेमा म्हणजे त्यांच्या बाळची ठरत आलेली बायको. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती.

मुलुंडच्या त्या वाचनालयाला तीस वर्षं होत होती. अण्णांनी दारोदार फिरून गावातले जुने फोटो, निमंत्रणपत्रिका, सभांची इतिवृत्तं जमवली होती. सकाळी बायकांबरोबर तोरणं बांधायला आलेल्या रत्नप्रभाबाई भिंतीशी थबकल्या त्या तिथंच. वाचनालय पहिल्यांदा उघडलं त्या दिवसाचा फोटो. जागा त्यांच्या दादाच्या घराची ओटी. मांडवाखाली कोट-टोप्या घातलेल्या पुरुषांच्या दोन रांगा. आणि मागे माजघराच्या दारात, कपाळापर्यंत अलवण ओढलेली एक मुलगी. सतरा वर्षांची, केशवपन केलेली. चेहरा लहानसाच आला होता, पण त्यांचाच होता.

ही गोष्ट मुलुंडात आता कुणाला ठाऊक नव्हती. त्या फोटोनंतर चार वर्षांनी ठाण्याच्या मार्तंडरावांकडून मागणी आली. लग्न पुण्याला झालं. दादानं नाव टाकलं. मार्तंडरावांची नोकरी नागपूरची, बाळ तिकडेच वाढला. त्याला मुंबईत नोकरी लागली तेव्हा सगळी परत आली, तोवर दादा गेला होता, घर विकलं गेलं होतं, शेजार बदलला होता. दोन वर्षांपूर्वी मार्तंडरावही गेले. आपली आई आधी कुणाची तरी विधवा होती, हे रत्नप्रभाबाईंनी बाळला कधी सांगितलं नव्हतं.

आणखीही एक गोष्ट त्यांनी आयुष्यभर गिळली होती. लग्नात वक्त्यांनी भाषणं केली होती. "मार्तंडरावांनी मुलगी न बघता मागणी घातली. केवढा हा त्याग!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती शेजारी बसलेली मुलगी मान खाली घालून ऐकत होती. पुढं नवऱ्यानं कधी आवाज चढवला नाही, पण तो त्याग शब्द काही संसारातून गेला नाही. यांनी लग्न तत्त्वाशी केलं, मी आपली मधे आले, असंच त्यांना वाटत राहिलं. विचारायचा धीर झाला नाही.

पायऱ्यांवर चपला वाजल्या. अण्णा आत आले आणि त्यांची नजर थेट रिकाम्या खिळ्यावर गेली.

"वहिनी, इथला फोटो? उद्घाटनाचा?"

रत्नप्रभाबाईंनी पदर आणखी घट्ट धरला. अण्णांनी टेबलाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं.

"अहो, ती एकच प्रत होती. अख्ख्या मुलुंडात कुणाकडे दुसरी नाही. वाचनालय कसं सुरू झालं, याला तेवढाच एक पुरावा. आता बाळला मी काय तोंड दाखवू?"

"बाळला?"

"त्यानंच आणून दिला ना! तुमच्या घरातलाच तो."

पदराखालची चौकट त्यांच्या हातून निसटता निसटता राहिली. त्यांनी ती बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. बाईंचा चेहरा बघून अण्णा बाहेरच्या ओट्यावर गेले. तेवढ्यात खुर्च्या घेऊन बाळ आला. टेबलावरचा फोटो, शेजारी पांढरीफटक पडलेली आई. त्यानं खुर्च्या दारातच ठेवल्या.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"बाबांनी सांगितलं. दवाखान्यात होते तेव्हा. हा फोटो त्यांच्या ट्रंकेत असायचा. तू स्वतः बोलशील म्हणून मी थांबलो, आई. तू बोलेचना. मग वाटलं, तू इथं बघशील आणि घरी येऊन बोलशील. चुकलंच माझं. आधी विचारायला हवं होतं."

"आणि प्रेमाच्या घरी? ती माणसं आज येतील, बघतील."

"त्यांना मी केव्हाच सांगितलंय. तिच्या आईनं आठवडाभर तोंड पाडलं होतं. मग म्हणाल्या, चला, बघून तरी येऊ."

रत्नप्रभाबाई खाली बसल्या. बाळनं फोटो उचलून खिडकीच्या उजेडात त्यांच्यापुढे धरला. सकाळी त्यांनी दारातल्या मुलीपलीकडे काही बघितलंच नव्हतं. आता त्या माणसं बघू लागल्या. दादा, डॉक्टर, शाळेचे मास्तर. मागच्या रांगेच्या टोकाला एक तरुण होता. त्याचा कोट स्वच्छ आला होता, खांदे स्वच्छ आले होते, पण चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग होता.

"हा कोण रे? फोटो बिघडवलान की यानं."

"बाबा," बाळ म्हणाला. "ठाण्याहून मदतीला आले होते. फोटोवाला ओरडून सांगत होता, कुणी हलू नका, समोर बघा. बाबा म्हणाले, 'मला कसलं समोर बघवतंय, दारात तुझी आई उभी होती.'"