सपाट जमीन

कार्पेटमध्ये बायकोच्या व्हीलचेअरची चाकं रुतायची. तीन वर्षं ती ढकलून ढकलून नवऱ्याचे खांदे भरून आले होते. शेवटी त्याने कार्पेट काढून लाकडासारख्या गुळगुळीत पट्ट्यांचं लॅमिनेट घालायचं ठरवलं. त्याखाली अंथरायला जो तो दुकानदार जाड, मऊ अंडरले गळ्यात मारायला बघायचा. पण चार दुकानं पालथी घालून तो चाकाखाली दबणार नाही असा पातळ, टणक अंडरले घेऊनच घरी आला.

काम पुरं झालं. बायको आपली आपण खिडकीपाशी गेली, स्वयंपाकघरात गेली, परत आली.

"ढकलू का?" त्याने विचारलं.

"नको हो. किती हलकी चालतेय बघा. तुम्ही बसा आता निवांत."

आठवडाभर तो निवांत बसला. चहासुद्धा तीच हातात आणून द्यायची.

आठव्या दिवशी कारागीर उरलेल्या पट्ट्या न्यायला आला. त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेलेल्या नवऱ्याने मागे वळून दार ओढून घेतलं आणि हळूच विचारलं,

"स्वयंपाकघराच्या दारात एक उंबरा बसवून मिळेल का हो? फार उंच नको. तिने मला हाक मारावी, इतकाच."