दर्भाचा कावळा

दहिसर नदीकाठच्या घाटावर पिंड ठेवून पाऊण तास झाला, तरी कावळा शिवेना.

कावळे होते, चांगले पंधरा-वीस. पण सकाळपासून तिथे सात जणांचं दहावं उरकलेलं; पोटं भरून ते पत्र्याच्या शेडवर निवांत बसले होते. हे सगळ्यांना दिसत होतं. बोललं मात्र कुणी नाही, कारण इथला पिंड मुलीने दिला होता.

चंद्रप्रकाशकाकांनी हात जोडून गेलेल्या भावाला आश्वासनं देऊन पाहिली. वहिनीला अंतर देणार नाही. गावच्या गणपतीला दोघींना घेऊन जाईन. शर्मिष्ठेचं लग्न लावून देईन. कावळे ढिम्म. शेवटी काकांनी आपल्या मुलाकडे पाहिलं.

"नितेश, तू बस. गुरुजी, पहिल्यापासून करा. दादाला हे मान्य नाही, दिसतंय ना?"

शर्मिष्ठा पाटावरून हलली नाही. माझं सगळं तूच कर, असं बाबांनी तिला हॉस्पिटलात सांगितलं होतं, आणि अग्नीही तिनेच दिला होता. आता उठली तर ते सगळं पुसलं जाणार. पोरीच्या हातचा पिंड कावळ्याने नाकारला, एवढंच जन्मभर घराघरात सांगितलं जाणार. रागाने तिचे कान तापले.

"थांबू अजून," ती म्हणाली.

"थांबून काय होणार? बायकांच्या नखांवर पाखरं रंगवणारे हात ते. त्या हातचं कोण खाणार?"

रंगवायची खरी. खंड्या, तांबट, खाडीवरचे फ्लेमिंगो. तिच्याकडून नखं रंगवून घ्यायला, ती कामाला होती त्या बोरिवलीच्या पार्लरमध्ये, बायका दोन-दोन तास हात पुढे करून बसायच्या. कावळा मात्र आजवर कुणी मागितला नव्हता.

गुरुजींना अकराला दुसरीकडे जायचं होतं. "वाद नको," ते म्हणाले. "नाहीच आला तर दर्भाचा कावळा शिववायचा. तशी सोय आहे." आणि ते दर्भाच्या काड्या वळायला लागले.

"दर्भाचा चालेल. पण आधी नितेश बसेल," काका म्हणाले.

शर्मिष्ठेने ती गाठ पाहिली. धड चोच नाही, धड पंख नाही.

"गुरुजी, हा कावळा?"

"मानायचा, बाळ."

"मग माझापण माना."

काळ्या-पांढऱ्या रंगाच्या बाटल्या आणि बारीक ब्रश तिच्या पर्समध्ये कायम असायचे. सकाळीच कोरं केलेलं नख तिने समोर धरलं आणि त्यावर कावळा काढला. जाड चोच, राखाडी मान, तिरपी नजर. नितेश मोबाइल बाजूला ठेवून वाकला. गुरुजींचे हात थांबले.

"हुबेहूब आहे," ते पुटपुटले.

काका हसले. "डावा हात लावणार पिंडाला?"

तिने हाताकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ब्रश नेहमी उजव्या हातात, त्यामुळे स्वतःवर काही काढलं की ते डाव्यावरच. डाव्या हाताने तिला धड रेघही ओढता येत नव्हती. नितेशने बाह्या सारल्या.

तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेली तिची आई, सुगंधा, उठली. दहा दिवसांत ती कुणाशी चार शब्द बोलली नव्हती. लेकीसमोर येऊन ती खाली बसली आणि बांगड्या उतरवलेला उजवा हात तिच्या मांडीवर ठेवला.

"वहिनी, लोक काय म्हणतील? आत्ता नखं रंगवणार?"

सुगंधाने दिराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मान नीट राखाडी कर गं," ती लेकीला म्हणाली. "ह्यांना अर्धवट काम चालायचं नाही."