पगडी

भाटाने डोक्यावरची पगडी दोन्ही हातांनी उतरवली, काखेत धरली, आणि मगच तो बादशहापुढे वाकला.

"ही कुठली रीत?" बादशहा गरजला.

"खाविंद, डोकं माझं आहे, हवं तितकं वाकेल. पगडी मात्र राणा प्रतापांनी दिलेली. त्यांनी ती आपल्यापुढे कधी झुकवली नाही, मग मी कोण झुकवणारा?"

टाळ्यांनी कारखान्याचं कॅन्टीन दणाणलं. भाट झालेला स्टोअरकीपर पगडी पुन्हा चढवून ऐटीत पडद्यामागे आला. तिथे फिटर पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. बिघडलेलं मशीन चालू करणार नाही म्हणाला, म्हणून त्याला महिन्याभरापूर्वी घरी बसवलं होतं. तरीही तो गेटवर विनवण्या करून आला होता, कारण कारखान्यात पगडी बांधता येणारा तो एकटाच.

"जिंकलंस गड्या! साहेब येतायत आत, खूश आहेत. त्यांना एवढंच सांग, की मशीन खरंच बिघडलेलं होतं. तू पाहिलंयस."

"हे काय सांगायला हवं? आज बघच तू!" स्टोअरकीपरच्या छातीत अजून भाटच होता.

पावलं वाजली तसा फिटर पडद्याआड सरकला.

"वा! अंगावर काटा आणलात," साहेब म्हणाले. "बाणा असावा तर असा!" मग त्यांनी आवाज खाली घेतला. "बरं, त्या फिटरच्या मशीनपाशी तुम्ही होतात म्हणे. काही बिघाड नव्हता ना?"

देवानेच संधी दिल्यासारखा प्रश्न समोर आला होता. खरं उत्तर अगदी जिभेवर होतं. पण जिभेच्या आधी पाठ हलली.

"छे हो साहेब! ठणठणीत होतं." हात जोडून तो असा काही लवला, की पगडीचा तुरा साहेबांच्या बुटांना लागायचाच काय तो बाकी राहिला.

साहेब त्याची पाठ थोपटून गेले. पडदा हलला, फिटर पुढे आला. स्टोअरकीपरला वाटलं, आता धरणीने पोटात घेतलं तर बरं.

"शिव्या दे रे," तो मान खाली घालून पुटपुटला. "काहीतरी बोल."

फिटरने शिवी दिली नाही. जवळ येऊन त्याने पगडी दोन्ही हातांनी अलगद उचलली.

"ही आधी काढायची राहिली," तो म्हणाला.