कामिनीचा कोळी

माझ्या भाचीनं, कामिनीनं, नवाच टॅरेंटुला पाळला होता. तळहाताएवढा केसाळ कोळी. बाहेरगावी जाताना तिनं त्याची काचेची पेटी माझ्या वाडीच्या खोलीत आणून ठेवली.

“मावशी, याले सांभाळजो. जिता पाहिजे मले.”

मी त्याच्या वाटीत पाणी भरायची, मधूनमधून रातकिडा सोडायची. संध्याकाळी मोबाईलवर कीर्तन लागलं की तो पुढचा पाय काचेवर टेकवून टाळाच्या ठेक्यावर हळूच वाजवायचा. मला वाटायचं, चला, सोबतीला श्रोता मिळाला!

एकादशीच्या सकाळी तो उताणा पडलेला दिसला. मी रडत रडत त्याच्यावर तुळशीपत्र ठेवलं आणि कामिनीला फोन केला.

“मेला नाही वं मावशी, कात टाकून राहिला! हात नको लावू, खायलेही नको देऊ.”

दुपारी तो खरंच कातीतून बाहेर आला. मी हात जोडले. मग ती पोकळ कात चिमट्यानं उचलून, तुळशीपत्रासकट कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून देवापुढे ठेवली.

संध्याकाळी कीर्तन लावलं. ओळखीचा ठेका सुरू झाला.

“ऐकून राहिला का रे बाप्पा?” म्हणत मी पेटीशी गेले.

कोळी आठही पाय मातीत रोवून, देवाकडे तोंड करून, अगदी स्थिर बसला होता.

मी मोबाईल बंद केला. डबीतला ठेका चालूच राहिला.